निघण्याआधीचा एक तास



गेल्या दोन महिन्यांत आमच्या प्रभागातल्या तीन गटांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला. "ताई, तुमचा गट बोटीने समुद्रात फिरून आला म्हणे. किती पैसे लागले? बोट कुणाची घेतलीत?" मी त्यांना पैसे सांगितले. पण मग वाटलं की पैशांपेक्षा जास्त काही सांगायला हवं. बोटीत बसल्यावर काय बघितलं, ते प्रत्येकीला आपापलं दिसेलच. बोटीत बसण्याआधी काय बघायचं, ते मात्र आम्ही थोडं पैसे घालवून आणि थोडा राग गिळून शिकलो. आजचं बोलणं त्याबद्दल.

आमचं गाव कर्ली खाडीच्या काठावर आहे. घरातून बाहेर आलं की खाडी दिसते, रात्री समुद्राची गाज ऐकू येते. तरी आमच्या गटातल्या बारा जणींपैकी नऊ जणी कधी समुद्रात गेल्या नव्हत्या. मासळी आम्ही निवडतो, सुकवतो, पाटी डोक्यावर घेऊन विकतो. जाळं विणता येतं, माशाच्या डोळ्यावरून तो आजचा की कालचा ते सांगता येतं. पण होडीत पाय ठेवायचा तो पुरुषांनी, अशी आपल्याकडची रीत. आमच्या गटातली सगळ्यात मोठी मावशी बासष्ट वर्षांची आहे. ती एकदा सभेत म्हणाली, "मुंबयचे लोक येतत, बोटीत बसतत, डॉल्फिन बघून जातत. माका माझो समुद्र किनाऱ्यावरसूनच ठावक." त्या दिवशी ठरलं की यंदाची सहल देवदर्शनाला न्यायची नाही, समुद्रात न्यायची. दर महिन्याला प्रत्येकीने पन्नास रुपये वेगळे ठेवायला सुरुवात केली.

पहिला रविवार

फेब्रुवारीतला रविवार ठरला. रविवार का, तर सगळ्यांना सुट्टी. एवढं एकच कारण. बारा जणींसाठी अख्खी बोट साडेचार हजार रुपयांना ठरली, दोन हजार मी आगाऊ देऊन आले. रस्ता असा ठरला होता: खाडीतून देवबागच्या संगमापर्यंत, तिथून बाहेर समुद्रात, भोगव्याच्या किनाऱ्याच्या बाजूने निवतीच्या खडकांपर्यंत आणि परत.

सकाळी नऊ वाजता आम्ही धक्क्यावर हजर. कुणी आंबोळ्या आणल्या होत्या, कुणी सुंगटांची किसमूर, कुणी काळ्या वाटाण्याचं सांबारं. मावशीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. तांडेलकाका आधीच येऊन बसले होते, पण इंजिनाला हात लावत नव्हते. म्हणाले, "आज भायर जावचा नाय. बार फुटता हा. खाडीत फिरवन आणतंय, भायर नाय."

बोटीचे मालक वेगळे होते. त्यांना मी फोन लावला. ते म्हणाले, "काय होणा नाय, त्याका सांगा मी सांगितलंय म्हणून." तो निरोप मीच काकांना दिला, तोही जरा चढ्या आवाजात. बारा जणी माझ्याकडे बघत होत्या, दोन वर्षं पन्नास-पन्नास करून पैसे जमले होते, आणि आकाश तर निळंशार होतं. पाऊस नाही, ढग नाही. आमच्यातली एक म्हणाली, "बायका असत म्हणान भियता." दुसरी म्हणाली, "भियता नाय, कंटाळो केल्यान." काकांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "दर्या खंय पळान जाता? फाल्यां पण हयच आसतलो."

आम्ही खाडीतही फिरलो नाही. रागारागाने शाळेच्या व्हरांड्यात बसून डबे खाल्ले. मालकांनी आगाऊ रकमेतले हजार रुपये कापून घेतले आणि काकांची त्या दिवसाची रोजी बुडाली. ते मला नंतर कळलं.

त्या दिवशी बाहेर गेलो असतो तर काय झालं असतं, हे कुणालाच माहीत नाही. कदाचित सुखरूप परत आलो असतो. न निघण्याचं असंच असतं. निघून अपघात झाला तर चूक दिसते, पण न निघता घरी आलो तर आपण बरोबर होतो हे कधीच सिद्ध होत नाही. उरतो तो फक्त राग. म्हणून मग मी दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी गेले, माफी मागितली आणि विचारलं, "तुम्हाला काय दिसलं, जे आम्हाला दिसलं नाही?" पुढचं बरंचसं त्यांच्या पडवीत बसून शिकलेलं आहे.

तिथीची पाऊणपट

पहिला प्रश्न त्यांनी मला विचारला, "काल तिथी कोणती होती?" मला सांगता येईना. पंचमी होती.

आपल्या किनाऱ्यावर जुन्या माणसांचं एक गणित आहे. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, म्हणजेच पाऊणपट करायची. येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. पंचमीला पावणेचार. दिवसाची एक भरती आणि रात्रीची एक, दोन्हींमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज साधारण पन्नास मिनिटं मागे सरकते. हा अंदाज आहे, ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी तर भरती-ओहोटीचं छापील कोष्टक असतं, मोबाईलवरही बघता येतं. पण बोलणी करताना आपल्याला मोटामोटी अंदाज असावा.

आता आमचा रविवार बघा. पंचमीची भरती पहाटे पावणेचारला येऊन गेली. सकाळी दहाला पूर्ण ओहोटी. म्हणजे नऊ वाजता आम्ही नटूनथटून उभ्या होतो, तेव्हा खाडीचं पाणी समुद्राकडे ओढत होतं आणि तोंडावर पाणी सगळ्यात उथळ होत चाललं होतं. सुट्टीचा वार बघितला, समुद्राची वेळ बघितलीच नाही.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्यामुळे ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढउतार कमी. हे आपल्याला कालवं-तिसऱ्या काढायला जाताना चांगलं माहीत असतं. बोट ठरवताना मात्र आठवत नाही.

बार फुटतो म्हणजे काय

नदी वाळू घेऊन येते, समुद्र वाळू ढकलतो, आणि दोघांच्या भांडणात खाडीच्या तोंडावर वाळूचा आडवा बांध तयार होतो. त्याला बार म्हणतात. तो पाण्याखाली असतो, दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. समुद्रातून येणारी लाट खोल पाण्यात नुसती वरखाली होते. बारावर आली की तळ लागतो, ती उंच होते, पुढे झुकते आणि फुटते. त्यातच ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असेल तर समोरासमोर टक्कर होते आणि लाटा आणखी उभ्या, जवळजवळ येतात. बाहेरचा समुद्र शांत दिसत असला तरी तोंडावर असं होऊ शकतं. काकांनी धक्क्यावर येण्याआधी संगमावर जाऊन हेच बघितलं होतं.

त्यांनी आणखी एक सांगितलं. बाहेर जाण्यापेक्षा आत येणं अवघड. जाताना लाट समोरून येते, दिसते. येताना ती मागून येते. शिवाय समुद्राच्या बाजूने बघितलं तर लाटांची पाठ दिसते, फुटणारं तोंड दिसत नाही, त्यामुळे ती केवढी आहे याचा अंदाज येत नाही. मागून आलेल्या लाटेने बोटीची शेपटी उचलून बोट आडवी केली तर पुढची लाट तिला पालथी करू शकते. म्हणून तांडेल निघतानाच परतीच्या वेळेची भरती मोजतो. "किती वाजता निघायचं?" असं आपण विचारतो. "किती वाजेपर्यंत आत यायला हवं?" असंही विचारा.

मग वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, आठवतं? रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवसा जमीन तापली की वारा समुद्राकडून येतो, तो खारा. हिवाळा-उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारनंतर हा वायव्येचा वारा चांगलाच जोर धरतो आणि समुद्रावर पांढरे घोडे दिसायला लागतात. म्हणून सहल सकाळची ठेवायची आणि जेवायला किनाऱ्यावर परत यायचं. दुपारी बोट स्वस्त मिळते, हे खरं. ती का स्वस्त आहे, ते आता कळलं असेल.

हवामान खात्याचा इशारा आदल्या दिवशी बघावा. लाटांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था देते. बंदरावर बावटा लावला असेल तर चर्चाच नको. पावसाळ्यात, साधारण मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत, प्रवासी बोटी बंदच असतात. त्या काळात कुणी "खाडीतल्या खाडीत" म्हणून गुपचूप नेत असेल तर जाऊ नका. २४ मे २०२२ ला आपल्याच तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले, ते हंगाम संपता संपता. आणि जुन्या माणसांना 'रामदास' बोटीची आठवण अजून आहे. १७ जुलै १९४७, भर पावसाळा, मुंबईहून रेवसला निघालेली बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली.

बोट बघून घ्यायची

भाजी घेताना आपण जुडी उलटी करून बघतो. बोट ठरवताना फोनवरच हो म्हणतो. आदल्या दिवशी जाऊन बोट बघा. काय बघायचं ते सांगते.

बोटीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला हवा. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयात या बोटींची नोंद असते, आणि किती प्रवासी बसवायचे हे परवान्यात लिहिलेलं असतं. तो आकडा विचारा. मांडीवरचं मूलसुद्धा एक माणूस म्हणून मोजा. आमची बोट बारा प्रवाशांची होती आणि आयत्या वेळी एकीची बहीण आली होती. दुसऱ्या खेपेला आम्ही हे आधीच सांगून ठेवलं.

बोटीत नांगर आणि त्याला पुरेसा लांब दोर आहे का? इंजिन बंद पडलं तर नांगर टाकून बोट जागेवर धरता येते, नाहीतर वारा तिला खडकांकडे नेतो. वल्ही आहेत का? पाणी उपसायला डबा किंवा बादली आहे का? डिझेल-पेट्रोल किती आहे? काकांचा हिशोब सरळ आहे: एक भाग जायला, एक भाग यायला, एक भाग नुसता ठेवायला. जेवढ्यास तेवढं तेल घालून निघणारा तांडेल नको.

तळाला पाणी साठलं आहे का, तेही बघा. घोटाभर पाण्याने काय होतंय, असं वाटतं. घरी परातीत दोन तांबे पाणी घेऊन चालून बघा. परात जराशी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. बोटीतलं पाणी तेच करतं.

जॅकेट अंगात, सीटखाली नाही

१८ डिसेंबर २०२४ ला गेट वेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा माणसं गेली, हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. वाचलेल्या प्रवाशांनी सांगितलं की धडक बसेपर्यंत बऱ्याच जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं. बोट उलटताना जॅकेट शोधायला वेळ मिळत नाही, आणि पाण्यात पडल्यावर ते चढवणं फार अवघड असतं. म्हणून धक्क्यावरच घालायचं आणि परत धक्क्यावर आल्यावरच काढायचं. खाडीतसुद्धा. फोटोसाठीसुद्धा काढायचं नाही.

घालताना सगळ्या कड्या लागतात का बघा. मैत्रिणीला खांद्याकडून जॅकेट धरून वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत वर आलं तर ढिलं आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मुलांना मुलांच्याच मापाचं हवं. जॅकेटवर बसू नका, त्यातला फोम दबून निकामी होतो. आणि वास येतो म्हणून नाक मुरडू नका, गळ्याशी आपली जुनी ओढणी गुंडाळा.

कपड्यांचंही बोलू. सहावारी साडी भिजली की पायांना गुंडाळते, पाय मारता येत नाहीत. आम्ही दुसऱ्या खेपेला पंजाबी ड्रेस घातले. मावशी आणि आणखी एक आजी काही केल्या तयार होईनात, तर त्यांनी कासोटा घातला आणि पदर खोचून त्यावर जॅकेट चढवलं. ओढण्या सगळ्यांच्या गाठ मारून बांधलेल्या. इंजिनाजवळ सुटी ओढणी नको. दागिने घरी.

बोटीत बसल्यावर

डोक्यावरचा हंडा आणि कमरेवरची कळशी, कुठली लवकर हिंदकळते? डोक्यावरची. बोटीचं तसंच. आपण बसलेल्या असलो की वजन खाली राहतं, उभ्या राहिलो की वर जातं आणि बोट डुलायला लागते. डॉल्फिन दिसला की सगळ्या एकाच बाजूला धावतात, तो क्षण सगळ्यात धोक्याचा. आम्ही आधीच ठरवलं होतं: "डॉल्फिन" अशी हाक आली की मान वळवायची, बूड उचलायचं नाही. जाड-बारीक असा विचार करून दोन्ही बाजूंना सारखं वजन बसवलं. त्यावर भरपूर हसणं झालं, पण बसलो तशाच.

काही झालंच, बोट उलटलीच, तर पोहत किनारा गाठायला जाऊ नका. उलटलेली बोटसुद्धा बहुधा तरंगत राहते, तिला धरून राहा. सगळ्या एकमेकींना धरून राहा. शोधणाऱ्याला एकटं डोकं दिसत नाही, घोळका दिसतो.

आता एक गोष्ट, जी पुरुष कधी सांगत नाहीत. छोट्या बोटीत शौचालय नसतं. म्हणून आपण काय करतो? सकाळपासून पाणीच पीत नाही. मग उन्हात डोकं दुखतं, चक्कर येते, आणि आपण म्हणतो की बोट लागली. पहिल्या रविवारी आमच्यातल्या सात जणींनी सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं, मी नंतर विचारलं तेव्हा कळलं. उपाय साधा आहे. सहल तीन तासांच्या वर ठेवायची नाही, निघण्याआधी जवळच्या घरी जाऊन यायचं, आणि मध्ये किनाऱ्यावर उतरायची सोय आहे का ते आधीच विचारायचं. विचारायला लाजू नका. पाळी असेल तर ती तारीखही हिशोबात धरा, किंवा जवळ सोय ठेवा.

उपाशीपोटी जाऊ नका, तुडुंब जेवूनही नको. घावन, चटणी, केळं असं हलकं खा. मळमळणारीने मधल्या भागात बसावं आणि दूर क्षितिजाकडे बघावं, मोबाईलकडे नाही. आल्याचा तुकडा जवळ ठेवावा. गोळी घ्यायची तर आधी डॉक्टरांना विचारून, आणि निघण्याच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग होत नाही. गरोदर मैत्रिणींनी समुद्राची सहल पुढे ढकलावी.

किनाऱ्यावरची मैत्रीण

प्रत्येक खेपेला एक जण किनाऱ्यावर राहील, असं आम्ही ठरवलं. तिच्याकडे एक कागद: कोण कोण गेलं त्यांची नावं, बोटीचा क्रमांक, तांडेलाचा मोबाईल, रस्ता कुठला, परत किती वाजता. सांगितलेल्या वेळेनंतर अर्धा तास गेला की ती फोन करेल, तासभर गेला आणि संपर्क झाला नाही की मदत मागेल. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, आणि सगळीकडे चालणारा ११२. हे तिन्ही आत्ता लिहून घ्या. बोटीतले मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, आणि निदान एक पूर्ण चार्ज केलेला.

रस्ता बदलायचा नाही. "आलोच आहोत तर अजून थोडं पुढे जाऊ," हे वाक्य बोटीत म्हणायचं नाही. किनाऱ्यावरच्या मैत्रिणीला तुम्ही कुठे आहात तेच मग कळणार नाही.

पैशाचं आधी बोला

गटाच्या सभेत त्या कापलेल्या हजार रुपयांवरून बरीच गरमागरमी झाली. आणि बोलता बोलता लक्षात आलं की त्या सकाळी धक्क्यावर जे काही झालं, त्याच्या मुळाशी पैसाच होता. मालक "जा" म्हणाले, कारण त्यांचं भाडं बुडत होतं. मी "चला" म्हणाले, कारण आगाऊ रक्कम अडकली होती. एकटे काका "नाही" म्हणाले, आणि त्यांनाच सगळ्यात जास्त नुकसान झालं. जो आपला जीव वाचवण्यासाठी नाही म्हणतो त्याची रोजी बुडते, आणि जो हो म्हणतो त्याला पूर्ण पैसे मिळतात. अशा व्यवस्थेत किती दिवस कुणी नाही म्हणत राहील?

म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही बोट ठरवताना कागदावर तीन ओळी लिहून घेतल्या आणि मालकांची सही घेतली. पहिली: तांडेलाने हवा बघून नाही म्हटलं तर आगाऊ रक्कम पुढच्या तारखेसाठी धरली जाईल, कापली जाणार नाही. दुसरी: त्या दिवसाची तांडेलाची अर्धी रोजी गट देईल. तिसरी: वाटेतून परत फिरायचं ठरलं तर त्यावर वाद होणार नाही. मालकांनी जरा कुरकुर केली, पण सही केली. हंगामात बारा बायकांचा गट त्यांनाही हवाच होता.

गटाच्या ठरावबुकात आम्ही चौथी ओळ घातली. आमच्यापैकी कुणी एकीने जरी धक्क्यावर "मला आज नको" म्हटलं तर तिला कारण विचारायचं नाही. ती किनाऱ्यावर थांबेल, तिचे पैसे परत मिळतील, आणि तिला पुढे कधी त्यावरून चिडवायचं नाही. हा ठराव मांडताना मला त्या रविवारी मारलेले टोमणे आठवत होते.

त्रयोदशीचा सोमवार

आठ दिवसांनी त्रयोदशी आली. तेराची पाऊणपट पावणेदहा. वार सोमवार, म्हणून दोघींनी कामावरून रजा घेतली. काका आदल्या संध्याकाळी आणि पहाटे पुन्हा संगमावर जाऊन आले. सव्वाआठला निघालो तेव्हा भरतीचं पाणी खाडीत चढत होतं, मतलई वारा अजून पाठीवर होता. बारावर बोट तीन-चार वेळा उचलली गेली, दोघी जणी ओरडल्या, आणि मग बाहेर सगळं मोकळं. भोगव्याची पांढरी वाळू, निवतीचा किल्ला, पिवळे खडक. परतीच्या वाटेवर दोन डॉल्फिन दिसले आणि कुणीही उठलं नाही. सव्वाअकराला आत आलो. सोमवार म्हणून डबे शाकाहारी होते, ते शाळेच्या त्याच व्हरांड्यात खाल्ले.

मावशी बाहेर असताना फारसं बोलली नाही. गावाच्या दिशेला तोंड करून बसली होती. घरी जाताना म्हणाली, "थयसून आपला गाव केवढो लहान दिसता गो."

आता आमच्या गटात नवीन बोलणं सुरू झालंय. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका स्वतः वल्हं मारून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. आपणही कर्जातून एक बोट घ्यावी, खाडीत फेऱ्या माराव्यात, असं चार-पाच जणींच्या मनात आहे. मला आनंद आहे. पण एक भीतीही आहे, ती मी सभेत मांडली. आज मालकाचं भाडं बुडत होतं, म्हणून आम्हाला "आज नको" सोपं वाटतं. उद्या बोट आमची असेल, बँकेचा हप्ता आमचा असेल, धक्क्यावर पुण्या-मुंबईचे पाहुणे पैसे घेऊन उभे असतील आणि बार फुटत असेल. तेव्हा नाही म्हणणं आम्हालाही जड जाणार. म्हणून कर्जाचा अर्ज भरण्याआधीच आम्ही ठराव केला आहे. दर महिन्याच्या कमाईतून थोडी रक्कम न निघालेल्या दिवसांसाठी बाजूला ठेवायची, तिला हात लावायचा नाही, आणि निघायचं की नाही हे फक्त तांडेल ठरवेल.

तुम्ही बोटीने जाणार असाल तर जरूर जा. समुद्र आपलाही आहे. जाण्याआधी तिथी बघा, बोट बघा, जॅकेटच्या कड्या बघा, आणि पैशांचं लिहून घ्या. मग तांडेल नाही म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि डबे घेऊन घरी या.